दुधनेचा अर्धा अंदाज

सावळदरा,
१४ मे १९८९

विरू,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी हकीकत ऐक. परवा बंधाऱ्यावर डोकी फुटली.

तू पुण्याला गेल्यावर दुधनेवर हा बंधारा झाला, म्हणून तुला नीट सांगते. नदीत दगडी खांब आहेत. पावसाळा सरला की दोन खांबांच्या मध्ये लाकडी फळ्यांच्या दोन ओळी सरकवायच्या, मधल्या फटीत काळी माती ठासायची, की पाणी अडतं. पावसाळ्याआधी फळ्या काढून घ्यायच्या. वरून जाण्यायेण्याला वाट आहे, त्या वाटेनं पलीकडे, बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला उतरलं की करंजाळा. आपली मल्लू तिथंच दिलेली. तुझे दाजी बंधाऱ्याच्या सोसायटीचे चेअरमन, म्हणजे पाणी कुणाला आणि किती हे आमच्या ओसरीवर ठरतं. अडलेलं पाणी आमच्या बाजूला, करंजाळ्याच्या वाट्याला वाळू.

परवा करंजाळ्याची माणसं आली. जनावरं पाण्यावाचून मरताहेत, दोन फळ्या उचला म्हणाली. ह्यांनी नाही म्हटलं. पहिला दगड कुणी टाकला हे दोन्ही गावं आपापल्या परीनं सांगतात. ह्यांचा उजवा हात तो सूर्यभान, त्यानं एका म्हाताऱ्याच्या तोंडावर काठी घातली. म्हाताऱ्याचा जबडा गालातून बाहेर दिसत होता. आमच्या एकाचा कान गेला. आपला जावई महालिंग भांडण सोडवायला मधे पडला, तर दोन्हीकडच्यांनी त्याला धुतला. कपाळ भुवईपर्यंत उघडं पडलं होतं.

मल्लू त्याचं रक्तानं भिजलेलं उपरणं घेऊन माझ्याकडे आली आणि माझ्यासमोर बादलीत धुवायला बसली. म्हणाली, "आई, यातलं अर्धं रगत अप्पांच्या मानसांनी काढलेलं हाय. कोनतं अर्धं ते तू वळखून दाव."

तू म्हणे तिकडे नद्यांचं पुढचं सांगतोस. मग आमच्या नदीचंही सांग बाबा. पाणी वाढणार असेल तर मी पोरीला धीर देते. आटणार असेल तर आत्ताच सांग, म्हणजे मी घरातल्या कुऱ्हाडी आडात टाकते.

आता आशीर्वाद.

तुझी अक्का
शांतम्मा

*

पुणे,
३ जून १९८९

अक्का,

तुला शरणार्थ, आणि तुझ्या रागाला वेगळा शरणार्थ. महालिंगच्या कपाळाला टाके किती पडले, ताप आला का, हे तू लिहिलंच नाहीस. मल्लूला म्हणावं, मामा तिच्या बाजूनं आहे.

मी ज्योतिषी नाही गं. पण विचारलंस तर सांगतो. कारखाने, मोटारी, कोळसा यांचा धूर जगभर वाढतोय आणि त्यानं पृथ्वी तापत चालली आहे, जाड गोधडीखाली झोपल्यासारखी. ती आणखी तापली तर पावसाचं आणि नद्यांचं काय होईल हे आम्ही बघतो. कॉम्प्युटरात एक खोटी पृथ्वी केलेली असते आणि तिच्यावर चौकोन पाडलेले असतात. एका चौकोनात अख्खा मराठवाडा बसतो, वर थोडा विदर्भही. त्यात तुझी दुधना शोधायला गेलीस तर सापडणार नाही. मग त्या चौकोनातला पाऊस जुन्या पावसाशी आणि जुन्या पुरांशी ताडून एकेका नदीत उतरवायचा. हा उतरवण्याचा उद्योग माझा. मी पहिली नदी दुधनाच घेतली, साहेब हसले, पण घेऊ दिली.

निघालं ते असं. पावसाचं एकूण माप फारसं घटत नाही, पण पडण्याचे दिवस घटतात. त्यामुळे एकीकडे जमिनीत पाणी मुरत नाही आणि नदी आता चैत्रात आटते ती पौषातच आटेल. दुसरीकडे पडेल तो पाऊस एकदम पडेल, आणि आताच्याहून मोठे पूर येतील. या दोन्ही गोष्टी एकाच नदीच्या आहेत, एक सोडून दुसरी धरता येत नाही. आणि हे सगळं चाळीस-पन्नास वर्षांनंतरचं. यंदा काय होईल, पुढच्या साली काय होईल, ते माझ्या खोट्या पृथ्वीला विचारून उपयोग नाही.

दाजींना हे वाचून दाखव. त्यांना सांग, पाणी आत्तापासून वाटून घ्यायला शिकलो तरच पुढे निभेल. आपले आई-वडील गेल्यावर त्यांनीच मला परभणीला शाळेत घातलं, त्यांना शिकवायला निघालो हे काही बरं दिसत नाही. तू तुझ्या शब्दांत सांग.

विरू

*

सावळदरा,
२० ऑगस्ट १९८९

विरू,

हे ओसरीवर बसून सांगताहेत आणि मी लिहितेय. ह्यांचं बोलणं जसंच्या तसं, कंसातलं माझं.

"विरुपाक्षा, तुझं पत्र ऐकलं. लय खुशी झाली. घरातलं लेकरू एवढं मोठं सायंटिस्ट झालं म्हून बोरीच्या बाजारात मी पेढे वाटले. (चिवडा वाटला.) आता कामाचं ऐक. नदी आटनार हाय असं तू म्हनतोस. मंग आमी पानी कामून सोडायलोत? आपल्याकडं हत्ती नक्षत्राचा पाऊस पडून गेल्याबिगर बंधाऱ्याला फळ्या घालत न्हाईत. वाडवडलांची रीत. त्या रीतीपाई महिनाभर नदी फुकट वाहती आन् सगळं पानी करंजाळ्याच्या वाळूत जिरतं. यंदा हत्तीच्या आधी फळ्या घालायच्या, असा माझा फैसला हाय. पर गावात दोन-चार म्हातारी आडवी यायलीत. तू एक कर. हापिसाच्या कागदावर, सही-शिक्क्यानिशी लिहून दे, की नदी आटनार हाय, पानी अडवून ठेवनं जरूरी हाय. पाटबंधाऱ्याच्या साहेबाला दाखवतो. पुराचं लिहू नको. पुराचं नाव काढलं की साहेब हात झटकतो. पन्नास वर्षांचं बी नको. पन्नास वर्षांनी कोन हाय आन् कोन न्हाई. तुला शिकवलं ते कशासाठी, याच दिसासाठी. (हे वाक्य ह्यांनी दोनदा सांगितलं. मी एकदाच लिहिलं.)"

सांगून झालं, आणि हे तंबाखू मळायला उठले. मला मधे बोलायची परवानगी नाही, पण लेखणी माझ्या हातात आहे. दोन्ही लिही, विरू. आटण्याचं लिहिणार असशील तर पुराचंही लिही. तूच म्हणालास, एक सोडून दुसरं धरता येत नाही.

महालिंगची जखम भरली. भुवई तिरकी झाली, आता तो सदा कुणावर तरी शंका घेतल्यासारखा दिसतो. मल्लू त्याला त्यावरून चिडवते. पोरगी हसली म्हणून मला बरं वाटलं.

अक्का

*

पुणे,
४ सप्टेंबर १९८९

अक्का,

सोबत दाजींना हवा तो कागद आहे. तुला राग येईल हे ठाऊक आहे, तरी पूर्ण वाच.

मी खोटं काही लिहिलेलं नाही. "दुधना नदीच्या अभ्यासातून असे दिसते की येत्या काळात पावसाळ्यानंतरचा प्रवाह लक्षणीय घटेल, तरी पाणी अडवून साठवणे हिताचे ठरेल." एवढंच. खाली सही आणि संस्थेचा शिक्का. 'येत्या काळात' म्हणजे कधी, हे साहेब विचारतील तेव्हा मी समक्ष येऊन सांगेन. पुराचं त्यात नाही, पण पूर येणार नाही असंही मी कुठं म्हटलं नाही. सरकारी माणूस असे कागद फायलीत लावतो आणि विसरतो, हे तुला माहीत आहे. दाजींचं समाधान होईल, इतकाच त्याचा उपयोग.

त्यांनी मला स्वतःच्या हातानं पाटी आणून दिली होती, अक्का. त्यांनी पहिल्यांदा काही मागितलं. मला नाही म्हणता आलं नाही.

विरू

*

सावळदरा,
२४ सप्टेंबर १९८९

विरू,

तुझा कागद साहेबानं पाहिलाच नाही. ह्यांनी तो परभणीला नेलाच नाही. बोरीहून काचेची चौकट करून आणली आणि कागद सोसायटीच्या भिंतीवर टांगला, बसवण्णांच्या तसबिरीशेजारी. सूर्यभाननं पारावर उभं राहून तो तीनदा वाचला. जी म्हातारी माणसं हत्तीची रीत सांगत होती त्यांना लोक हसले. आमचे माणिकराव तर ऐंशीच्या घरातले, ते म्हणाले, "हत्तीनं सोंड हलवल्याबिगर फळ्या घालू नका रं." तर सूर्यभाननं त्यांचा फेटा उडवला आणि म्हणाला, "हत्तीपाशी सही-शिक्का हाय का?" सगळं गाव खदाखदा हसलं.

फळ्या घातल्या. नदी आत्ताच काठोकाठ आहे, पाहून डोळे निवतात हे खरं. पण एवढ्यावर भागलं नाही. करंजाळ्याचे लोक येऊन फळ्या उचलतील म्हणून ह्यांनी वेल्डिंगवाला आणला. फळ्यांवरून आडव्या लोखंडी पट्ट्या टाकून त्या खांबांतल्या कड्यांना जोडून टाकल्या. आता ती फळी करंजाळ्याला उचलता येत नाही, तशी आम्हालाही येत नाही. मी हे बोलले तर म्हणाले, चुलीकडं बघ.

काल महालिंग आला होता. एकटा, हात जोडून. म्हणाला, "मामा, अजून पाऊस हाय. पट्ट्या तरी काढा. पानी तुमालाच ऱ्हाऊ द्या." ह्यांनी त्याला बस म्हटलं नाही. म्हणाले, "सासऱ्याचं पानी प्यायचं आन् सासऱ्यालाच अक्कल शिकवायची?" तो म्हणाला, "मी तुमचं पानी पीत न्हाई, आमच्याकडं तुमी येऊच देत न्हाई." त्यावर ह्यांनी दाराआडची काठी काढली आणि उंबऱ्यातच त्याच्या पाठीवर मारली. एक नाही, काठी मोडेपर्यंत. जावई माणूस, अंगावर हात उचलला नाही त्यानं. उठला, मला वाकून नमस्कार केला आणि गेला. मल्लूला दसऱ्याला आणायचं नाही, असा हुकूम निघालाय.

तू म्हणतोस सरकारी माणूस कागद विसरतो. आमचं गाव सरकारी नाही, विरू. इथं लोक कागदावर जीव टाकतात. तुला मी दोन्ही लिही म्हटलं होतं. तू अर्धं लिहिलंस आणि उरलेल्या अर्ध्याच्या जागी शिक्का मारलास.

अक्का

*

पुणे,
२९ सप्टेंबर १९८९

अक्का,

तुझं पत्र आज दुपारी मिळालं. मी लगेच तार केली आहे: 'फळ्या ताबडतोब काढा. पट्ट्या तोडा. कागद यंदासाठी नाही.' तार उद्यापर्यंत पोचेल. हे पत्र मागाहून.

दाजींना वाचून दाखव, ऐकत नसतील तर ओरडून वाच. माझा अंदाज पन्नास वर्षांनंतरचा आहे. यंदाच्या नदीबद्दल त्यात एक अक्षर नाही. जी रीत आहे हत्ती सरल्यावर फळ्या घालायची, ती बरोबर आहे, कारण तो पाऊस कधी नदीला एका दिवसात चढवतो. मी तपासलेल्या जुन्या पुरांतले सगळ्यात मोठे याच दिवसांतले आहेत. फळ्या बंद असताना पूर आला तर पाणी बंधाऱ्याच्या बगलेनं काठ फोडून जाईल. आणि तो काठ करंजाळ्याच्या बाजूचा, तिकडची माती पोकळ आहे.

हे सगळं मला कागद लिहितानाही माहीत होतं. साहेबांना सांगून रजा काढतोय. परवा निघतो.

विरू

*

बोरी,
१७ ऑक्टोबर १९८९

विरू,

तू येऊन गेलास, पण त्या गर्दीत आपल्याला बोलता आलं नाही. सगळे सतत भोवती होते, आणि हे तुझ्या खांद्यावर हात टाकून फिरत होते. म्हणून आज बाजाराच्या निमित्तानं बोरीला आले आणि ओळखीच्या सुमनबाईंच्या घरी बसून लिहितेय. जे तुला तिथं सांगितलं ते खरं नव्हतं.

तुझी तार आली होती. पूर यायच्या आदल्या दिवशी. ह्यांनी ती पारावर मोठ्यानं वाचली. सूर्यभान म्हणाला, आता काय करायचं? हे म्हणाले, "कागदावर सही-शिक्का हाय. तारेवर कुठं हाय? करंजाळ्याच्या कुनीतरी बोरीत बसून केली आसंल." आणि तार तंबाखूच्या पुडीला गुंडाळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदी लाल झाली. वर रात्रभर पाऊस झाला होता. मी ह्यांची आणि पहाऱ्यावरच्या माणसांची न्याहारी घेऊन बंधाऱ्यावर गेले होते. पाणी फळ्यांवरून पलीकडे कोसळत होतं आणि खांबांतून धडधड पायात येत होती. माणसं घाबरली होती. तेवढ्यात पलीकडून महालिंग आला. मागं चौघं, त्याच्या हातात घण आणि छिन्नी. मल्लू पलीकडच्या काठावर उभी, धुक्यापावसात मला तिचं लुगडं तेवढं दिसत होतं.

तो ओरडला, "मामा, पट्ट्या तोडू द्या! पानी बगलेनं फुटायलंय. आमचं जाईल आन् तुमचं बी जाईल!"

हे म्हणाले, "पानी चोरायला आलास का रे?"

"पानी कुठं चोरू मामा? बगा तरी! नदी अंगावर यायलीय!"

ह्यांनी पाहिलं नाही. विरू, पाणी ह्यांच्या पायांवरून वाहत होतं आणि हे म्हणत होते नदी आटणार आहे. महालिंग खाली वाकला आणि पट्टीवर घण घालू लागला. एक पट्टी तुटली. तिचा आवाज झाला तशी ह्यांनी कुऱ्हाड उचलली आणि त्याच्या मानेवर घातली. मागून, तो वाकलेला असताना. तो ओरडला नाही. गुडघ्यावर बसला, वळून ह्यांच्याकडे बघायला गेला, पण मान वळेना. पुन्हा एकदा घातली. सूर्यभाननं त्याला पायानं पाण्यात लोटला. त्याच्याबरोबरचे चौघं मागं पळाले, त्यांतल्या एकाच्या पाठीत विळा रुतलेला होता.

मग काठ फुटला. तू लिहिलंस तसाच, करंजाळ्याच्या बाजूनं. अख्खी खालची आळी गेली. दोन म्हाताऱ्या गेल्या, दावणीला बांधलेली जनावरं जागच्या जागी बुडाली. मल्लूच्या घराच्या तीन भिंती गेल्या, ती उरलेल्या भिंतीला धरून राहिली. आमची खालची रानंही खरवडून गेली. एवढं पाणी अडवलं त्यातला हंडाभरही राहिला नाही.

महालिंग दोन दिवसांनी बाभळीत अडकलेला सापडला. आपल्यात माणसाला बसवून पुरतात. खड्ड्यात बसवला तर मान ठरेना, बाजूला पडायला लागली. तेच उपरणं, जे मल्लूनं माझ्या बादलीत धुतलं होतं, त्यानं जंगमानं मान बांधली. त्या हातांना ती जखम कळली असणार. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मंत्र म्हणायला सुरुवात केली. तू पलीकडच्या बाजूला उभा होतास.

पोलिसांनी लिहिलंय, पुरात वाहून मृत्यू, मानेला पत्रा लागून. करंजाळ्याचे चौघं कुऱ्हाडीचं सांगतात, पण ते घण घेऊन आलेले, त्यांच्यावरच बंधारा फोडल्याचा गुन्हा घातलाय. आमच्या माणसांनी काही पाहिलं नाही. मला विचारलं तेव्हा मी म्हणाले, धुकं होतं.

अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या दंगलीत नदीकाठची वस्ती जळाली तेव्हा हे हीच कुऱ्हाड घेऊन बाहेर पडले होते. परत आले, हातपाय धुतले, जेवायला बसले. मी दार लावून घेतलं आणि वाढलं. कुठं गेला होतात, असं विचारलं नाही. अकरा वर्षं झाली, विचारलं नाही.

आता ह्यांना तुझ्याकडून दुसरा कागद हवाय. असा पूर येईल हे कुणाही शास्त्रज्ञाला सांगता आलं नसतं, असं सही-शिक्क्यानिशी. म्हणजे पट्ट्यांचाही दोष नाही आणि कुणाचाच नाही, सगळं नदीवर. हे दोन-चार दिवसांत तुला लिहितील. मल्लू तुटक्या भिंतीच्या आडोशाला बसलीय, तिच्या बाजूनं उभं राहायला पुढं कुणी नाही.

तू काय लिहिणार आहेस, ते मला आधी कळव.

अक्का

*

पुणे,
२६ ऑक्टोबर १९८९

अक्का,

दाजींचं पत्र आलं. तुझ्या अक्षरात नव्हतं, सूर्यभाननं लिहिलेलं दिसतं.

मी पहिली रात्र विचार करत बसलो की हा कागद एका अर्थी खरा आहे. नेमका त्या दिवशी तेवढा पूर येईल हे खरंच कुणाला सांगता आलं नसतं. वाक्यं मनात तयारही झाली. मग लक्षात आलं की मागच्या वेळीही मी असंच स्वतःला समजावलं होतं, प्रत्येक वाक्य खरं आणि सगळा कागद खोटा. महालिंगला मी मातीत बसवताना पाहिलं, त्याच्या मानेचं उपरणं पाहिलं, आणि रीत म्हणून बांधलं असेल असं मनाला सांगितलं. मला स्वतःची इतकी चीड कधी आली नव्हती.

दाजींना मी नाही कळवलं आहे. दुधनेचा सबंध अंदाज, आटण्याचा आणि पुराचा, परभणीला पोलीस कचेरीत रजिस्टरनं पाठवला आहे. सोबत लिहिलंय की चौकटीतल्या कागदात मी काय गाळलं, कुणाच्या सांगण्यावरून गाळलं, आणि फळ्या काढायची तार मी कोणत्या तारखेला केली. तारखेचा पुरावा पुण्याच्या तार कचेरीत आहे. संस्थेतल्या साहेबांनाही सांगितलं. त्यांनी शिक्का परत मागितला. पुढं काय होईल ठाऊक नाही.

पण अक्का, यानं फळ्या आणि पट्ट्यांपर्यंतच पोचता येतं. कुऱ्हाड मी पाहिलेली नाही. ते मला लिहिता येत नाही. तुला काय कर असं सांगायचा हक्क मला उरलेला नाही. माझं हे पत्र दाजींच्या हाती लागू देऊ नकोस.

विरू

*

परभणी,
१२ नोव्हेंबर १९८९

विरू,

तुझं पत्र ह्यांच्याच हाती लागलं. एरवी माझ्याकडून वाचून घेतात, पण वाचता न येणारा माणूस नाही, पूर्ण वाचलं. मग दार लावून मला मारलं. ज्या हातानं लिहिते तोच मोडणार होते, मी डावा पुढं केला. तो आता प्लास्टरात आहे. मारताना सारखे म्हणत होते, "पाटी मी आनून दिली त्याला, पाटी मी आनून दिली." दमले तेव्हा रडले. मला त्यांची दया आली, हे तुला सांगते, कारण ते खरं आहे. पस्तीस वर्षं त्या माणसाला वाढलंय.

सकाळी हे शेताकडे गेल्यावर मी निघाले. बंधाऱ्याचे खांब उभे आहेत, वरची वाटही आहे, पण ती आता मधेच संपते. शेवटचा भाग नदीतून चालत गेले. पाणी घोट्याएवढं होतं. मल्लूनं मला पाहिलं आणि हातातली वीट उचलली. मारणार होती. मी उभी राहिले. माझा हात दिसला तेव्हा वीट खाली ठेवली आणि म्हणाली, "आता कामून आलीस? धुकं गेलं का?"

मी म्हणाले, "गेलं."

दोघी बसनं परभणीला आलो. तिथल्या साहेबासमोर तुझे कागद आधीच होते. तो तरुण आहे, बाईमाणूस पाहून त्यानं खुर्ची दिली. म्हणाला, "आजी, तुमचे यजमान म्हणतात पूर आला आणि सगळं झालं. तुमचे भाऊ म्हणतात पट्ट्यांमुळे झालं. तुमचा आधीचा जबाब धुक्याचा आहे. आज काय लिहू?" मल्लू माझ्याकडे बघत नव्हती, तिचे डोळे त्याच्या पेनावर होते. हा जबाब दिला की मला सावळदऱ्यात घर नाही, हे मला माहीत होतं. ह्यांना फाशी होईल की जन्मठेप, तेही माझ्याच हातचं. मी घोटभर पाणी मागितलं. पिऊन झाल्यावर म्हणाले, दोन्ही लिहा साहेब, पण जसं झालं त्या क्रमानं लिहा. आधी कुऱ्हाड, मग पूर.

तुझी अक्का